आफ्रिकेचा वारा आणि नऊ गोळे

रविवार, २४ जुलै १९६६

जुदिता,

अकरा महिने झाले. शेवटच्या पत्रात तू लिहिलं होतंस, कॉलेज पुरं कर, हात आवरायला शीक, मग लिही. दोन्हींतलं एकही जमलं नाही, तरी लिहितोय. पाकीट न उघडताच फाडायचं मनात असेल तर माझ्यासाठी नको, नार्दूसाठी उघड. हे तुझ्या भावाबद्दल आहे.

कॉलेज सुटल्याचं तुला कळलंच असेल. बेट केवढं, बातम्या केवढ्या. मी कॉलेज चालवणाऱ्या ब्रदर लोकांवर हात उगारला असं सांगतात, ते खोटं आहे. मी वर्गातल्या एकाला मारलं, आणि ब्रदर मधे आले. तो पोरगा तुझं नाव घेऊन हसला होता. काय म्हणाला ते लिहीत नाही. दीड वर्षाचं शिक्षण एका गुद्द्यात गेलं, म्हणून आईने दोन दिवस माझ्यासमोर ताट आदळून वाढलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मास्तर व्हायचं नाही तर निदान काहीतरी हो. मग मी दारूकामाच्या खोलीवर गेलो. फेब्रुवारीपासून मास्त्रू चेन्सूच्या हाताखाली आहे, नार्दूच्या शेजारी बसून सांता मारियाच्या उत्सवाचे गोळे वळतो.

तुझ्या मेलबर्नच्या कारखान्यातली ती मुकादमीण अजून विचारते का, माल्टा म्हणजे नक्की कुठे? तू लिहिलं होतंस, जेवणाच्या खोलीत जगाचा नकाशा टांगलाय आणि त्यात आपण नाहीच. मी वर्गात असतो तर तिला इतिहास सांगितला असता, अरब, क्रूसवाले सरदार, फ्रेंच, इंग्रज, सगळे. आता मास्त्रू चेन्सू सांगतो तसं सांग. वर सिसिली, खाली आफ्रिका, आणि मधे समुद्राच्या घशात अडकलेलं हाड म्हणजे आपण. जो जो इथून गेला त्याला ते टोचलं, म्हणून प्रत्येकाने आधी ते गिळून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी आपला झेंडा लागला तेव्हा चेन्सू म्हणाला होता, "राज्य आपलं झालं, वारा अजून आफ्रिकेचाच आहे."

वाऱ्याचंच सांगायचंय.

वायव्येचा वारा कोरडा, तो चालतो. आफ्रिकेकडून येतो तो समुद्र पिऊन येतो. भिंतींना घाम फुटतो, पाव संध्याकाळपर्यंत लिबलिबीत होतो. चेन्सूने खोलीच्या खिडकीत बशीभर मीठ ठेवलंय. मिठाला पाणी सुटलं की खोलीला कुलूप. मसाल्याने ओल घेतली की तो आंबतो, आणि आंबलेल्या मसाल्याला काडीची गरज लागत नाही, तो मनात येईल तेव्हा पेटतो. त्या दिवशी पोप दारात आला तरी उघडायचं नाही, असा नियम. चेन्सूच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत, त्यामुळे नियम का, असं कुणी विचारत नाही.

२९ जूनला सगळं गाव बुस्केटच्या रानात गेलं होतं, ससे खायला आणि रात्रभर गायला. निघायच्या आधी नार्दू माझ्याकडे आला. तुझं पत्र आलंय म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "जुदिताचं एकाशी जमतंय. गोझो बेटावरचा आहे, गवंडीकाम करतो, स्वतःची मोटार आहे. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं."

मी म्हटलं, बरं. डोकं दुखतंय, तुम्ही व्हा पुढे.

किल्ली कुठे असते मला ठाऊक होतं. बशीतल्या मिठाचं पाणी झालं होतं. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटं बोललेलं मला आजवर पचलेलं नाही. मी बशी पाहिली, खोली उघडली, मसाला कालवला आणि अंधार पडेपर्यंत नऊ गोळे भरले. का, ते विचारू नकोस. हातांना काहीतरी हवं होतं, आणि तो गोझोचा माणूस मेलबर्नमध्ये होता.

ते नऊ गोळे आता खालच्या फळीवर आहेत, आणखी चाळीस गोळ्यांमध्ये. तोच तपकिरी कागद, तीच सुतळी, तीच खळ. त्यातले माझे कुठले हे माझं मलाच ओळखू येत नाही. १५ ऑगस्टला ते एकामागून एक उखळीत उतरवले जातील, आणि वात लावायला उखळीवर जो वाकेल तो तुझा भाऊ असेल.

मी सांगणार आहे. उद्याच चेन्सूला सांगतो.

विस्तीन

रविवार, ३१ जुलै

सांगितलं नाही.

सोमवारी चेन्सूला ताप होता. मंगळवारी बरा होता, पण त्याने माझ्या वळणाचं कौतुक केलं. म्हणाला, "चाळीस वर्षांत अशी घट्ट सुतळी पाहिली नाही, रागाने ओढतोस की काय." नार्दू हसला. त्या हसण्यात मी कसं सांगणार होतो, तूच सांग. पुढचे दिवस असेच गेले. हवा कोरडी आहे. मीठ कोरडं आहे. कदाचित काहीच झालं नसेल. एका दिवसाच्या ओलीने असं किती होणार.

नार्दूला काही कळवू नकोस. तुझं उत्तर इथे पोचेपर्यंत तसाही उत्सव होऊन गेलेला असेल.

वि.

शनिवार, ६ ऑगस्ट

जुदिता,

बुधवारी सकाळी साडेनऊला उत्तरेकडच्या एका गावची दारूकामाची खोली उडाली. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांच्या दारात अजून काळं कापड आहे.

आमच्या खिडक्या थरथरल्या. तू तिकडे मोठ्या देशात राहतेस, तुला आता आठवणार नाही, इथे बार कुठेही झाला तरी तो सगळ्यांच्या घरात होतो. सगळे गच्चीवर पळाले, धूर कुठल्या दिशेला ते बघायला. आई पळाली नाही. लढाईच्या काळापासून ती कधीच पळत नाही, जागीच उकिडवी बसते आणि बोटांवर मोजते, पुढचा बॉम्ब पडेपर्यंत. दुसरा पडला नाही तरी ती वीसपर्यंत मोजत राहिली. मग तिने डोळे उघडले आणि मला पाहून म्हणाली, "तू घरात आहेस." एवढंच. मी त्या दिवशी उशिरा उठलो होतो म्हणून घरात होतो.

दोघे गेले. बापलेक. दुपारी चेन्सू तिकडे जाऊन आला. आम्ही विचारलं तेव्हा त्याने टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाला, "त्यांनी ओल्या वाऱ्यात काम केलं होतं. महिन्यापूर्वी. महिनाभर बसून राहिला मसाला."

नार्दूने क्रूस केला. मीही केला. माझा हात कपाळापर्यंत गेला आणि पुढे कुठे न्यायचा ते मला क्षणभर सुचेना.

गुरुवारी मी पापनिवेदनाला गेलो. म्हातारा पाद्री दुन सिल्व आता फार थकलाय, जाळीपलीकडे त्याचा श्वास ऐकू येतो. मी सगळं सांगितलं. तुझं नाव सोडून सगळं. त्याने सवयीने विचारलं, "कितीदा?"

"नऊ."

"नऊ वेळा?"

"नऊ गोळे, दुन सिल्व."

जाळीपलीकडे नुसता श्वास. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "पाप देवाने माफ केलं. मसाल्याला माफी कळत नाही. चेन्सूला जाऊन सांग."

"सांगतो."

"आज."

"हो."

"आणि विस्तीन, जाळीत ऐकलेलं हे मी कुणाला सांगू शकत नाही, ठाऊक आहे ना?" हे तो नियम सांगावा तसं म्हणाला नाही. तक्रार करावी तसं म्हणाला.

बाहेर पडलो तर अंग पिसासारखं. चौकात चीज भरलेल्या तीन पास्तिझी खाल्ल्या, गरम, जीभ भाजली तरी खाल्ल्या. मला वाटलं, झालं, सांगून टाकलं. खरंच तसं वाटलं. लहानपणापासून आपल्याला हेच शिकवलंय ना, जाळीत बोललं की ओझं खाली. घरी येऊन गाढ झोपलो. शुक्रवारी जाग आली तेव्हा लक्षात आलं की ओझं खाली ठेवलेलं नाही. एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलंय, आणि गोळे आपल्या जागी आहेत.

विस्तीन

गुरुवार, ११ ऑगस्ट

जुदिता,

दुन सिल्वचं काय चाललंय ते ऐक. गावाला वाटतंय त्याचं डोकं फिरलं. मला आणि देवाला ठाऊक आहे काय ते.

सोमवारी तो बँड क्लबात आला आणि म्हणाला, उखळ्या देवळामागच्या शेतात नकोत, स्मशानापलीकडे न्या, हादऱ्याने देवळातलं झुंबर पडेल. क्लबाचा अध्यक्ष हसून म्हणाला, "दुन सिल्व, जर्मनांनी तीन वर्षं बॉम्ब टाकले तेव्हा ते झुंबर हललं नाही." तो म्हणाला, तरी न्या. मंगळवारी प्रवचनात म्हणाला, कागदाचे तुकडे उधळायला यंदा मुलांनी गच्च्यांवर चढायचं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काल तो अनवाणी शेतात येऊन नार्दूला म्हणाला, वात लांब ठेव, हातभर तरी लांब ठेव. नार्दूने त्याला पाणी पाजून घरी पोचवलं. मला म्हणाला, "बिचारा. हा शेवटचा उत्सव बघ त्याचा."

मी रोज सकाळी प्रसाद घ्यायला जातो. न जावं तर आई विचारेल. तो माझ्या जिभेवर प्रसाद ठेवतो आणि पुढे सरकत नाही. उभा राहतो. मागची रांग खाकरायला लागते. त्याचे डोळे पाण्याने भरलेले असतात आणि मी माझे मिटून घेतो.

तू म्हणशील, मग सांगत का नाहीस? तू असतीस तर पायातली चप्पल काढली असतीस. सांगतो का ते. चेन्सू विचारेल, ओल दिसत असताना का उघडलीस? त्याचं उत्तर नार्दूला कळेल. आपण बातमी सांगितली आणि ह्याने त्यापायी आपलंच मरण सुतळीने वळून ठेवलं, हे त्याला कळेल. आणि तुला कळेल. हे आधीच लिहून टाकलंय म्हणा. लिहिणं सोपं, मधे सगळा समुद्र आहे.

कालपासून तो वारा सुटलाय. आकाश पिवळट, सूर्य ताटलीसारखा, अंगणातल्या दोरीवरचे कपडे तीन दिवस वाळणार नाहीत. खोली बंद आहे, पण आत सगळा माल आहे, सव्वाशे गोळे. आणि दाराशी नार्दू. गेल्या वर्षी शेजारच्या गावच्यांनी आमच्या वातींच्या दोऱ्या कापल्या होत्या, म्हणून उत्सवाआधीचा आठवडा कुणीतरी तिथे झोपतं. यंदा तो झोपतोय. चटई टाकतो ती भिंतीला लागून, कारण तिथे सावली. भिंतीच्या आत खालची फळी.

उत्सवाच्या दिवशी तो चोवीस वर्षांचा होईल. तुला तर पाठ असेल, तरी मला लिहावंसं वाटतंय. बेचाळीस साली, लढाईत, गावात पीठ संपलेलं, तुझी आई खडकातल्या भुयारात अडलेली, आणि वरून कुणीतरी ओरडत आलं, धान्याची जहाजं बंदरात शिरली. त्याच तासाला नार्दू झाला. म्हणून तुझ्या आईने नवस बोलला, हा पोरगा दर सांता मारियाला तिच्यासाठी बार उडवील. सगळं घर मेलबर्नला गेलं आणि तो मावशीकडे मागे राहिला, तो त्या नवसासाठी. लोक म्हणतात खाणीतल्या नोकरीसाठी. नोकरी कसली, धूळ.

आज त्याने विचारलं, "जुदिताला लिहितोस का अजून?"

मी म्हटलं, नाही.

"लिही की. गोझोवाल्याचं काही ठरलेलं नाही. मी त्या दिवशी जरा वाढवूनच सांगितलं. म्हटलं, हा तिचा नाद सोडून माणसात येईल."

त्याने हे हसत सांगितलं, जुदिता. पावाला टोमॅटो चोळत.

वि.

शनिवार, १३ ऑगस्ट

आज दुपारी सांगितलं. अक्षर लावून घे.

मी नार्दूचं जेवण घेऊन गेलो होतो. वारा तसाच. तो भिंतीला पाठ लावून बसला होता, सदरा काढून. पाव मोडता मोडता म्हणाला, "गंमत बघ. सकाळी मीठ बघायला आत डोकावलो. खालच्या फळीवर एका गोळ्याला हात लागला, तर कोमट. उन्हाने असेल."

त्या भिंती दोन हात जाड आहेत. खिडकी उत्तरेला. तिथे ऊन कधीच येत नाही.

मी म्हटलं, "नार्दू, ते ऊन नाही." आणि मग सगळं बोललो. मीठ, किल्ली, नऊ, सगळं. वाक्य नीट लागत नव्हतं. तो ऐकत राहिला. पाव परत फडक्यात बांधला, गाठ मारली, आणि उठला.

"पळू नकोस," तो म्हणाला, अगदी हळू, आत कुणी निजलं असावं तसं. "चाल. माझ्यामागून चाल."

आम्ही चाललो. शेत ओलांडलं, दगडी कुंपण ओलांडलं, खार्नूबाच्या झाडापर्यंत गेलो. तिथे वळून त्याने मला तोंडावर मारलं. दोनदा. मी हात उचलला नाही. तू पाहायला हवं होतंस, मी उभा राहिलो. त्याला तिसऱ्यांदा मारायचं होतं, पण तो खाली बसला आणि डोकं गुडघ्यात घातलं. मग म्हणाला, "चेन्सूला आण. मी इथे थांबतो, कुणी जवळ गेलं तर अडवतो."

मी गावात धावलो. चेन्सू वामकुक्षीत होता. त्याने माझं तोंड पाहिलं, रक्त पाहिलं, आणि ऐकून घेतलं. शिवी नाही, प्रश्न नाही. जोडे घातले. वाटेत एकदाच बोलला, "खालच्या फळीवर?" मी हो म्हटलं.

तो एकटा दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यात उभं राहून वास घेतला. परत येऊन म्हणाला, "पाणी."

नार्दू म्हणाला, "मास्त्रू, वरच्या फळ्यांवरचे तरी काढू. ते कार्निव्हलच्या आधीचे आहेत, चांगले आहेत."

"आत हात घालायचा कुणी? तू? तुझ्या आईला काय लिहू मी?" आणि मग, "सगळ्यावर पाणी."

तुझ्या काकांच्या विहिरीवरून आणलं. त्यांनी आधी बोंब ठोकली, माझी टरबुजं, माझी टरबुजं, म्हणून अर्धा गाव जमा झाला. मग कुणापासून काय लपवायचं. बादल्यांची रांग लागली. खिडकीतून पाणी आत ओतायचं आणि खाली वाकून मागे जायचं, प्रत्येक वेळी. मी खिडकीशी होतो. चेन्सूने मला तिथेच उभं केलं होतं. प्रत्येक बादलीला मला वाटे, ही शेवटची. आतून फक्त कागद भिजल्याचा वास आणि कधीतरी फुस्स असा आवाज. तो आवाज आला की रांगेतले सगळे थिजत. मग पुन्हा बादली. दाराला चिखल थापला, पाणी आत गुडघाभर चढलं, वरच्या फळ्यांवर कुंडीतल्या झाडांना घालावं तसं ओतलं. चार तास लागले. वर्षभराची वर्गणी, हिवाळाभरची बोटं, सव्वाशे गोळे, सगळ्याची लापशी. बायका रडत होत्या. एक म्हातारा टोपी काढून उभा होता, प्रेतापुढे उभं राहावं तसा.

अध्यक्षाने विचारलं, हे कसं झालं?

चेन्सू म्हणाला, "माझी चूक. ओल चढली, माझ्या लक्षात आलं नाही. म्हातारा झालो."

मी बाजूलाच होतो. माझ्या हातात बादली होती. मी काही बोललो नाही, जुदिता. हे मी लपवू शकलो असतो.

मंगळवार, १६ ऑगस्ट

जुदिता,

आधी हे वाच. नार्दू धडधाकट आहे. आता बाकीचं.

रविवारी संध्याकाळी क्लबात माणसं दाटीवाटीने बसली होती आणि सगळे चेन्सूबद्दल बोलत होते. एकजण म्हणाला, आंधळ्याच्या हाती दारू दिली की असंच व्हायचं. दुसरा म्हणाला, दोन बोटं गेली तेव्हाच घरी बसवायला हवा होता. माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. टेबलावर चढलो की चढवलं मला, आठवत नाही. ओरडून सांगितलं की मी केलं, बशी पाहून केलं, म्हाताऱ्याचं नाव पुन्हा घ्याल तर दात हातात देईन. मोठ्या मनाने खरं बोललो असं समजू नकोस. मला राग आला होता, आणि रागात खरं बाहेर पडलं, एवढंच. मागे दाराशी दुन सिल्व उभा होता. तो भिंत धरून हळूहळू खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटले. गेला की काय वाटलं. नंतर कळलं, तो दहा दिवसांनी पहिल्यांदा झोपला होता.

काल उत्सव झाला. मूर्ती बाहेर पडली तेव्हा घंटा वाजल्या, बँड वाजला, आणि वर आकाशात काही नाही. तू कल्पना कर. बायका सवयीने कानांवर हात ठेवून उभ्या होत्या आणि काहीच होत नव्हतं. त्यात शेजारच्या गावचे बार ऐकू येत होते, एकामागून एक. त्यांनी यंदा मुद्दाम जास्त उडवले असणार. आई घरातच होती. म्हणाली, बेचाळीसनंतर पहिल्यांदाच सांता मारियाला डोक्यावर बार नव्हते, मला मोजावं लागलं नाही. मला वाटलं, ती खूश आहे. पण ती रडत होती.

आमच्या घराण्याला गावात मधवाले म्हणायचे, आजोबांच्या पोळ्यांमुळे. काल चौकातून जाताना मागून कुणीतरी म्हणालं, मुक्या सणवाले. वळून पाहिलं तर सगळेच दुसरीकडे बघत होते. आज सकाळी पाववाल्याने वहीत तेच लिहिलं. तुला ठाऊक आहे, इथे असं नाव एकदा चिकटलं की नातवंडांच्या कबरीपर्यंत जातं. माझ्याशी कुणी लग्न केलं तर तिलाही ते लागेल. हे तुला सांगून ठेवतोय, बाकी काही नाही.

मिरवणूक परत देवळाच्या पायऱ्यांशी आली आणि स्मशानापलीकडून धप्प झालं. उखळीचा आवाज. सगळ्यांनी वर पाहिलं. एक गोळा सरळ वर गेला आणि उघडला, पांढरा, मग निळा, मग शेवटी तो छातीत बसणारा बार. एकच. लोकांना क्षणभर कळेना. मग जी आरोळी उठली ती तुझ्या मेलबर्नपर्यंत यायला हवी होती. नार्दूला खांद्यावर घेऊन आणलं. त्याने एक गोळा वाचवला होता. तो म्हणाला, "खालच्या फळीवरचा." लोक म्हणाले, पाहिलंत, ठणठणीत होता. भित्र्याच्या सांगण्यावरून वर्षभराचं काम बुडवलं. एकजण माझ्या पायापाशी थुंकला. मी मुठी खिशात घातल्या. खिसा फाटला.

आज सकाळी मी गच्चीवर होतो, आईची चादर वाळत घालत. वारा फिरलाय, कोरडा आहे. नार्दू वर आला. कठड्याला टेकला. मग म्हणाला, "तो गोळा तुझ्यातला नव्हता."

मी चादरीचा पीळ सोडवला.

"तू चेन्सूला आणायला गेलास तेव्हा मी आत गेलो. दाराजवळच्या वरच्या फळीवरून काढला. कार्निव्हलच्या आधीचा. खालच्या फळीकडे तर मी पाहिलंही नाही."

"मग काल लोकांना असं का सांगितलंस?"

"तोंडातून गेलं. खांद्यावर बसलेलो होतो."

"मग आज सांग. चौकात जाऊन सांग."

त्याने दोन्ही हात पुढे केले. "वात लावताना हे असे होते." ते आत्ताही तसेच होते. "काल मला वाटलं, तोही माझ्या तोंडावरच फुटणार. चड्डीत होईल असं वाटलं, विस्तीन. नऊतला एकही उचलायची माझी छाती नव्हती, हे लोकांना कळलं तर पुढच्या वर्षी उखळीपाशी कोण उभं करील मला? नवस आहे आईचा."

माझ्या हातात ओली चादर होती. तुला आठवत असेल, अशा वेळी मी काय करतो. बंदरावर तुझं जहाज सुटलं तेव्हाही मी काय केलं होतं. मी चादर दोरीवर टाकली, कडा ओढून सरळ केली.

"रागावलास?" त्याने विचारलं.

"हो."

"मग मार."

"नाही. खाली चल. आईने कॉफी केलीय."

तो दोन पेले प्यायला. आई त्याला गोळ्याबद्दल शाबासकी देत होती आणि तो माझ्याकडे न बघता मान डोलावत होता.

तो आज तुला पत्र लिहायला बसणार आहे. त्यात लिहील की गोळा त्या नऊतला होता, काही झालं नाही, विस्तीन उगाच घाबरला. ते तुझे वडील मोठ्याने वाचतील, तुझी आई हात जोडील, तो गोझोवाला असला तर तोही हसेल. तू दुरुस्त करायला जाऊ नकोस. उत्तरात शाबास म्हण. माझ्याबद्दल कुणी काही म्हटलं तर हो म्हण.

फक्त अक्षर बघ. ओळी खाली घसरलेल्या असतील, शाई सांडलेली असेल, पण त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असेल. मला तेवढं पुरे आहे.

विस्तीन